पिशवी काढण्याआधी तिला विचारा

सोनोग्राफीच्या कागदावर गाठीचं माप दशांश चिन्हासकट लिहिलेलं असतं. ४.२ बाय ३.८ सेंटिमीटर. त्या गाठीपायी बाईचे महिन्यातले किती दिवस वाया जातात, हे त्या कागदावर कुठेच नसतं. निर्णय मात्र त्याच कागदावरून होतो.

मी आरोग्यसेविका होते. नोकरीतला बराच काळ इंदापूर तालुक्यात, भवानीनगर-सणसरच्या पट्ट्यात गेला. दिवाळीच्या सुमाराला बीड, पाथर्डी, जामखेडकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या आणि रानात कोप्या उभ्या राहायच्या. लसीकरणाला गेलं की पोराला डोस देऊन होईपर्यंत त्याची आई पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल काढायची. "बाई, एवढं वाचा की. काढावीच लागंल का?" गावातल्या बागायतदारांच्या घरीही तोच प्रश्न यायचा, फक्त फाइल जाडजूड असायची.

गर्भाशयातली गाठ, म्हणजे फायब्रॉइड, हे फार सर्रास आढळणारं दुखणं आहे. ही स्नायूची साधी गाठ असते, कर्करोग निघणं अगदी क्वचित. पाळी बंद झाली की बहुधा ती आकसते. आणि त्रास किती होणार हे गाठीच्या आकारापेक्षा ती कुठे बसली आहे यावर जास्त ठरतं. अस्तरालगतची सुपारीएवढी गाठ बाईला रक्तानं रिकामी करते. बाहेरच्या अंगाला वाढलेली मोठी गाठ वर्षानुवर्षं गप्प राहू शकते.

मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. सणसरकडची एक बाई, वय एक्केचाळीस. पोटात दुखतं म्हणून पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी केली, तर सात सेंटिमीटरची गाठ दिसली. पाळी नियमित, चार दिवसांची, काही तक्रार नाही. "मोठी आहे, पुढं कॅन्सर होईल" असं सांगून एका खासगी दवाखान्यात गर्भाशयाची पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही. सहा महिन्यांत तिला रात्री घाम फुटायला लागला, सांधे धरले, झोप गेली. ती मला म्हणाली, "आक्का, आधी मला काही होत नव्हतं. आता होतंय."

दुसरी टोळीतली, तिशीच्या आतली. गाठ दोन सेंटिमीटरची. "लहान आहे, काळजी करू नका" असं तिला सांगितलं होतं. तिचे डोळे ओढून पाहिले तर आतून पांढरेफटक. हिमोग्लोबिन साडेसहाच्या आत. आणि ही बाई डोकी सेंटरवर होती, म्हणजे उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं काम. पाळीच्या दिवसांत तिला फळीवर चक्कर यायची, तेव्हा नवरा खालून हात देऊन धरायचा. तिच्या कागदावर यातलं काहीही नव्हतं.

हे मोजायचं साधन जगात नाही असं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठातले डॉ. जेम्स स्पाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली फक्त गर्भाशयाच्या गाठींसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रश्न ३७. पहिले आठ लक्षणांचे: रक्तस्राव किती, गुठळ्या पडतात का, ओटीपोटात दाब वाटतो का, लघवीला वारंवार जावं लागतं का, थकवा किती. उरलेले एकोणतीस जगण्याचे: कपड्याला डाग पडेल म्हणून धास्ती वाटते का, प्रवास टाळता का, कामं अर्धवट राहतात का, मन खचतं का, नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं का. उत्तरांचे गुण शून्य ते शंभरमध्ये बसवतात. चीनमध्ये ती चिनी भाषेत आणून तिथल्या स्त्रियांवर वापरली गेली. गाठ ध्वनिलहरींनी जाळायची की शस्त्रक्रिया करायची, याची तुलना तिथल्या वीस रुग्णालयांत दोन हजारांवर स्त्रियांमध्ये झाली, तेव्हा उपचाराआधी आणि नंतर याच प्रश्नांवरून बाईची अवस्था मोजली. म्हणजे उपचार यशस्वी झाला की नाही हे ठरवताना त्या बाईचं म्हणणं हिशेबात धरलं गेलं.

माझी भाची वैद्यकीय शिक्षण घेते. तिच्याकडून हे प्रश्न समजून घेतले आणि ओळखीच्या बायांशी बोलताना विचारून पाहिले. तेव्हा लक्षात आलं की नुसती भाषा बदलून भागणार नाही. "रात्री लघवीला उठावं लागतं का?" एका ऊसतोडणीवालीनं सांगितलं, "झोपतोच कुठं बाई, तीनला तर उठूनच असतो." पुढे बोलता बोलता कळलं, की दुपारनंतर ती पाणीच पीत नाही, कारण फडाच्या आसपास आडोसा नसतो. गाठ मूत्राशयावर दाबतेय की नाही, हे तिच्या बाबतीत उठण्यावरून कळणारच नाही. दुपारचं पाणी तोडण्यावरून कळेल.

थकव्याचंही तसंच. "थकवा कुणाला नाही?" हे उत्तर ठरलेलं. पण "पाळीच्या दिवसांत मोळी लहान बांधता का?" असं विचारलं की बाई लगेच बोटांवर मोजून सांगते: पहिल्या दिवशी निम्मी, दुसऱ्या दिवशी उचलतच नाही, नवरा उचलतो, मी नुसती बांधते. "साडी बदलायला फडातून कोपीवर किती वेळा यावं लागलं?" याचंही नेमकं उत्तर मिळतं. खाडे किती पडले, हे तर तिला तारखेनिशी पाठ असतं, कारण खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. ती बसली की कोयता बसतो. म्हणून पुष्कळ बाया पिशवी काढायला स्वतःहून तयार होतात. "कटकट मिटली" असं म्हणतात. त्यांचं म्हणणं मी कमी लेखत नाही. ज्या बाईला महिन्याचे आठ-दहा दिवस अंगावरून जातं, औषधं घेऊन थकली आहे आणि मुलं झालेली आहेत, तिला शस्त्रक्रियेनं खरोखर सुख लागतं. प्रश्न एवढाच की ती बाई हीच का, हे कुणी विचारून पाहिलं?

बीडचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. २०१९ साली विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं, की तीन वर्षांत त्या जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेला आकडा आणखी मोठा: पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली, म्हणजे साधारण सहांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. हे प्रकरण उघड झाल्यावर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा असं सगळ्या राज्यांना बजावलं.

हे सगळं हवंच होतं. पण परवानगीचा कागदही सोनोग्राफीच्या कागदावरच उभा राहत असेल, तर फार काही बदलत नाही. गाठ आहे, माप आहे, सही झाली. आणि या बाया बीडच्या म्हणून हा प्रश्न बीडचा, असं म्हणून बारामती-इंदापूरकरांनी सुटका करून घेऊ नये. वर्षातले पाच-सहा महिने त्या आमच्या शिवारात असतात. ज्या उसावर आमची बागायत आणि आमचे कारखाने चालतात, तो त्यांनी तोडलेला असतो. कारखान्यात उसाची एकेक गाडी काट्यावर चढते, साखरेचा उतारा रोज प्रयोगशाळेत काढतात. मोजायची सवय आणि शिस्त आमच्याकडे आहे.

एक भीती मला आहे, आणि ती बोलून दाखवते. त्रासाचे गुण जास्त आले की तोच कागद पुढे करून "बघा, काढणंच योग्य" असं कुणी म्हणेल. तसं होता कामा नये. गुण जास्त म्हणजे उपचार लगेच हवा, एवढाच त्याचा अर्थ. त्या उपचारात आधी लोहाच्या गोळ्या किंवा सलाइनमधून लोह, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, संप्रेरक असलेली तांबी, मूल हवं असेल तर फक्त गाठ काढणं, हे सगळं येतं. पिशवी काढणं शेवटी. गुण कमी असतील आणि गाठ मोठी असेल, तर थांबून लक्ष ठेवण्याचा सल्ला बाईच्या हातात लेखी पडावा. सणसरच्या त्या बाईला असा कागद मिळाला असता तर तिची अंडाशयं आज पोटात असती, असं मला मनापासून वाटतं. शस्त्रक्रिया झालीच, तर सहा महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारावेत. तिचं बरं झालं की नाही, हे टाके काढल्याच्या दिवशी कळत नाही.

डॉक्टरांना वेळ नाही हे मला मान्य आहे, बाह्यरुग्ण विभागातली गर्दी मी पाहिली आहे. पण हे प्रश्न डॉक्टरांनी विचारायची गरज नाही. आशाताई विचारू शकतात, त्याचा वेगळा मोबदला त्यांना द्यावा. बारामतीला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या स्त्रीरोग आणि जनऔषधवैद्यक (कम्युनिटी मेडिसिन) या दोन विभागांनी मिळून ही प्रश्नावली मराठीत बसवावी, आणि आमच्या फडातल्या बायांवर तपासून घ्यावी. व्यायामाचा प्रश्न काढून मोळीचा घालावा. डागाचा प्रश्न विचारताना चादरीऐवजी वाकळ म्हणावं. खर्चासाठी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी या कारखान्यांनी येत्या हंगामात आपापल्या गाळपक्षेत्रात सुरुवात करावी.

शिबिर भरवताना एक करावं. सकाळी दहा ते दोन ही वेळ ठेवू नये, त्या वेळी बाया फडात असतात आणि शिबिरात फक्त म्हाताऱ्या नि लेकरं येतात. संध्याकाळी गाड्या रिकाम्या होऊन आल्यावर, भाकरी थापून झाल्यावर कोप्यांवरच जावं. प्रश्न विचारणारी बाईच असावी, आणि मुकादम किंवा सासू ऐकू येईल एवढ्या अंतरावर नसावी. "नवऱ्याजवळ जाणं नकोसं होतं का", या प्रश्नाला मला एकदाही दुसऱ्या कुणासमोर उत्तर मिळालेलं नाही.