विश्लेषण : व्यायाम संध्याकाळी, मग खायचे कधी?

नोकरदारांच्या व्यायामाची वेळ आता संध्याकाळ झाली आहे. सकाळची लोकल, मुलांची शाळा, डब्यांची घाई यांतून पहाटेचा तास काढणे अनेकांना जमत नाही. मग कार्यालयातून सुटल्यावर सात-साडेसातला जिम, मैदान किंवा निदान सोसायटीभोवती भरभर चालणे. पण व्यायामाची वेळ बदलली तरी खाण्याच्या वेळा जुन्याच राहिल्या. बहुतेकांचा गोंधळ होतो तो इथेच, आणि त्यावर उपाय म्हणून पावडरचा डबा विकत घेतला जातो. खरी गरज मात्र दुपारी पाच वाजता काहीतरी खाण्याची असते.

नेमकी अडचण काय?

डबा एक वाजता, व्यायाम साडेसातला आणि रात्रीचे जेवण दहाला असा दिवस धरला, तर दोन जेवणांत नऊ तासांचे अंतर पडते. निरोगी माणसाची रक्तशर्करा तेवढ्याने धोकादायक पातळीला उतरत नाही. यकृत साठवलेली साखर रक्तात सोडत राहते. पण व्यायामाचा जोर कमी पडतो, वजने जड वाटतात, डोके दुखते. त्यानंतर दहा वाजता ताटावर बसणारा माणूस भुकेपेक्षा जास्त खातो आणि तासाभरात झोपतो. ‘व्यायाम करूनही वजन कमी होत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच वेळापत्रक असते.

दुसरे टोक म्हणजे स्टेशनबाहेरचा वडापाव खाऊन अर्ध्या तासात व्यायामाला उभे राहणे. तळलेला पदार्थ जठरात जास्त वेळ राहतो. व्यायाम सुरू होताच रक्तपुरवठा पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळतो. परिणामी आंबट ढेकर, मळमळ, पोटात कळ.

व्यायामापूर्वी किती वेळ आधी काय खावे?

साधे सूत्र असे, की खाणे जितके मोठे तितके अंतर जास्त. पोटभर जेवणानंतर तीन-चार तास, मध्यम खाण्यानंतर दीड-दोन तास आणि केळ्यासारख्या हलक्या फळानंतर अर्धा-पाऊण तास पुरतो. साडेसातच्या व्यायामासाठी पाच-साडेपाचची वेळ म्हणूनच सोयीची. त्या वेळी मूठभर फुटाणे आणि केळे, वाटीभर पोहे किंवा उपमा, मुगाचे धिरडे, अर्धी पोळी-भाजी, यांतले काहीही चालते. पिष्टमय पदार्थ जास्त, थोडी प्रथिने आणि तेल-तूप बेताचे, एवढेच पाहायचे. यांपैकी कशासाठीही वेगळ्या दुकानात जावे लागत नाही; सकाळी दुसरा छोटा डबा भरला की झाले.

चहा-कॉफीचे काय?

कॅफिनने व्यायामात तरतरी येते हे खरे. पण शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. सातला घेतलेल्या कडक कॉफीचा अर्धा अंमल मध्यरात्रीही शिल्लक असतो. व्यायामाने मिळवलेले कमी झोपेने घालवण्यात शहाणपण नाही. शेवटचा कप चार-पाचच्या आत संपवावा. नंतर पाणी बरे. उन्हाळ्यात घाम जास्त जात असेल तर लिंबू-मीठ घातलेले.

व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिने घेतलीच पाहिजेत का?

जिममध्ये सर्वाधिक ऐकू येणारा हा सल्ला. ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा दिवसभरातील एकूण प्रथिनांचा हिशेब धरल्यावर या वेळेचा स्वतंत्र फायदा उरला नाही. म्हणजे महत्त्व मिनिटांपेक्षा दिवसाच्या एकूण हिशेबाला. पाचला नीट खाल्ले असेल, तर साडेआठला व्यायाम संपवून साडेनऊला जेवल्याने स्नायूंचे काही बिघडत नाही. सहा-सात तास उपाशी राहून व्यायाम केला असेल, तर मात्र लवकर जेवणे चांगले.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०च्या शिफारशींत प्रौढांसाठी प्रतिकिलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. नियमित वजने उचलणाऱ्याला यापेक्षा अधिक लागतात. पण ती वाढवण्याची जागा आधी ताटात शोधायला हवी. याच संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचा सल्ला दिला आहे. एका अंड्यात सहा ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. दोन पोळ्या, वाटीभर घट्ट उसळ आणि दही मिळून वीस ग्रॅमच्या आसपास जाता येते.

रात्री पोळी-भात बंद करावा का?

‘सातनंतर काही नाही’ हा नियम लवकर झोपणाऱ्याला ठीक. साडेआठला जिममधून निघणाऱ्याला तो गैरलागू आहे. व्यायामानंतर स्नायू रक्तातील साखर अधिक सहज शोषून घेतात. त्यामुळे भाकरी किंवा भाताला दिवसातील सर्वांत योग्य जागा हीच. फक्त प्रमाण मध्यम हवे आणि झोपेपूर्वी दीड-दोन तास मोकळे राहावेत. जेवल्यावरची शतपावली इथेही उपयोगाची. तिने जेवणानंतर वाढणारी रक्तशर्करा आटोक्यात राहते. व्यायामाचा जोरकस भाग झोपेपूर्वी तासभर तरी आधी संपावा, नाहीतर झोप लागायला वेळ लागतो.

कोणी विशेष काळजी घ्यावी?

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींसाठी हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. रिकाम्या पोटी व्यायाम केल्यास त्यांची साखर ७०च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण ही त्याची लक्षणे. संध्याकाळच्या व्यायामानंतर ती मध्यरात्री झोपेतही उतरू शकते. त्यांनी व्यायामापूर्वी साखर मोजावी, खिशात ग्लुकोज ठेवावे आणि औषधाच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवाव्यात. संकष्टीसारख्या उपवासाला चंद्रोदयापर्यंत न जेवणाऱ्यांनीही त्या दिवशी वजनांऐवजी चालण्यावर भागवावे.

मग बदलायचे काय?

खाण्याच्या वेळेचा प्रश्न वैयक्तिक शिस्तीचा मानला जातो, पण तो तेवढाच नाही. पाच वाजता दहा मिनिटे उठू न देणारे कार्यालय आणि त्या वेळी फक्त सामोसे व बिस्किटे ठेवणारे उपाहारगृह कर्मचाऱ्याला उपाशी तरी ठेवते किंवा तळणाकडे ढकलते. तिथे उकडलेली अंडी, उसळ, फळे ठेवणे खर्चिक नाही. जिममधील प्रशिक्षकांनीही कोणती पावडर घेता हे विचारण्याआधी शेवटचे कधी खाल्ले हे विचारायला हवे. आणि घरोघरी सकाळी एक डबा भरला जातो, तिथे संध्याकाळचा दुसरा, लहानसा डबा भरण्याचे काम पुन्हा एकट्या गृहिणीवर पडू नये. ज्याचा व्यायाम, त्याने आपले फुटाणे आपणच डब्यात भरावेत.