क्रूझवरचं 'पब्लिक'

२०१८ ला मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, २०२१ ला कॉर्डेलिया आली. तेव्हापासून एक रडगाणं ऐकतोय: "आंग्रियावर पब्लिक बरं होतं, आता कुणीपण येतं." कुणीपण म्हणजे कोण हो? कोल्हापूरहून लेकराबाळांसह आलेलं, मोठ्यानं बोलणारं कुटुंब! अरे, याच किनाऱ्यानं कोकणची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीच्या डेकवर पथारी टाकून मुंबई गाठत होती. आणि कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' तरी कुठे कोरी करकरीत? १९९० ची, आधी रॉयल कॅरिबियनकडे होती.

डेकच्या खुर्चीवर एसटीसारखा रुमाल टाकून जागा धरणारे मलाही खटकतात, नाही असं नाही. पण बुफेत ताटभर वाढून घेऊन निम्मं टाकणारे, वेटरला चुटकी वाजवून बोलावणारे कोण असतात? बहुतेक वेळा हेच स्टँडर्डवाले, राव!