थर्माकोल लावा, पण झाकून

मराठीत ‘उन्हाची झळ’ म्हणा की कानडीत ‘बिसिलिन झळ’, एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावरच्या घरांना ती सारखीच लागते. दिवसभर स्लॅब तापतो आणि रात्री पंखा गरम वारा घालतो. उपाय म्हणून छताला आतून थर्माकोलचे पाट चिकटवून घेतात. ओळखीच्या दोन-तीन घरांत हे पाहिले, म्हणून आज त्याविषयी लिहिते.

थर्माकोल म्हणजे वाफेवर फुगवून एकमेकांना चिकटवलेले पॉलिस्टायरीनचे मणी. त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. बंद कप्प्यांत कोंडलेली ही हवा हलत नाही, त्यामुळे उष्णता फार हळू पुढे सरकते. एक इंच थर्माकोल साधारण पंधरा-वीस इंच विटेच्या भिंतीइतकी उष्णता अडवतो. आपल्या फ्रिजच्या भिंतीत याचाच भाऊबंद, पॉलियुरेथेन फोम, भरलेला असतो.

वस्तू गुणी खरी, पण ती उघडी ठेवणे धोक्याचे. शंभर अंशांच्या आसपास थर्माकोल मऊ पडतो. पेटला तर जळते थेंब खाली गळतात आणि काळा, विषारी धूर खोलीत कोंडतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ जणांचे बळी गेले. बाहेरून लावलेल्या पत्र्यांमधल्या प्लॅस्टिकने तिथे आग वर चढवली आणि आतल्या फोमने तिला साथ दिली. आपल्या घरात तर समई असते, गॅसची शेगडी असते.

वायरकडेही लक्ष हवे. वायरचे वेष्टण मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य थर्माकोल हळूहळू शोषून घेतो. मग वेष्टण कडक होऊन तडकते. म्हणून थर्माकोलजवळून जाणारी वायर पाइपातूनच न्यावी.

माझे मत विचाराल तर काम गच्चीवरून करावे. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर पाणी न पिणारे कडक फोमचे पाट, वर काँक्रीटचा थर आणि पांढऱ्या फरशीचे तुकडे. असे केले की स्लॅब मुळात फारसा तापतच नाही. भाड्याच्या घरात किंवा मधल्या अडचणींमुळे आतूनच करायचे असेल, तर आग लवकर न धरणारा प्रकार मागून घ्या आणि त्याखाली जिप्सम बोर्ड लावा.

मिस्त्रीला बोलवाल तेव्हा दर विचाराच, पण त्याआधी विचारा, “हे झाकणार कशाने?”