व्हिसाचे मेडिकल : शिळ्या माहितीला उत्तर

एचआयव्ही निघाला की अमेरिकेचा व्हिसा गेलाच, असे गेल्या अंकातल्या उमरखेडच्या पत्रलेखकाने ठासून लिहिले आहे. ही माहिती शिळी आहे. जानेवारी २०१० पासून ती चाचणी या तपासणीत सक्तीची राहिलेली नाही.

घरच्या डॉक्टरचा दाखला चालत नाही, हे मात्र त्यांचे म्हणणे रास्त. वकिलातीच्या यादीतलाच डॉक्टर लागतो. म्हणजे नांदेडहून गाडी धरून मुंबई किंवा हैदराबाद.

खरा भर क्षयरोगावर असतो. १५ वर्षांपासून पुढे प्रत्येकाच्या छातीचा एक्स-रे निघतो. त्यासाठी मंगळसूत्र, ताईत, साखळी सगळे उतरवावे लागते. लहान मुलांचे, अगदी दोन वर्षांच्यांचेही, रक्त घेतात. दंडावर बीसीजीचा वण असला तरी ही रक्तचाचणी फसत नाही. जुनी कातडीखालची टोचणी फसायची. एक्स-रेत संशयास्पद डाग दिसला तर तीन दिवस थुंकीचे नमुने द्यायचे आणि कल्चरच्या निकालासाठी आठ आठवड्यांपर्यंत थांबायचे. (तेवढ्यात परतीचे तिकीट दोनदा बदलून होते!) व्हिसा त्याने कायमचा बुडत नाही.

पूर्वी टीबीचा कोर्स झालेला असेल, तर ‘कशाला सांगा’ म्हणून लपवू नये. सरकारी दवाखान्यातले उपचाराचे जुने कार्ड आणि एक्स-रेची फिल्म पिशवीत असावी, शिवाय लसीकरणाची वही.