निरोगी संगणकाचा खोटा ताप

संगणक दुरुस्तीच्या नावाखाली होणाऱ्या फोनवरच्या फसवणुकीकडे आपल्याकडे केवळ पोलिसी प्रश्न म्हणून पाहिले जाते. तो पोलिसी प्रश्न आहेच. पण त्याच्या मुळाशी विज्ञानाचा एक अगदी प्राथमिक प्रश्न आहे. पुरावा कशाला म्हणावे, हा तो प्रश्न. भामटा संगणक फोडून आत शिरत नाही. तो मालकाला ‘पुरावा’ दाखवतो आणि मालक स्वतःच दार उघडतो.

मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये १६ देशांत केलेल्या सर्वेक्षणात भारतातील ६९ टक्के लोकांनी मागील १२ महिन्यांत अशा फसवणुकीशी गाठ पडल्याचे सांगितले होते. भारतात ज्यांचे पैसे गेले त्यांत २४ ते ३७ या वयोगटातील लोकांचे प्रमाण सर्वाधिक होते. ‘म्हातारी माणसे फसतात, शिकलेली तरुण पिढी सावध असते’ हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. दुसरी बाजूही तितकीच बोचरी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले, तेव्हा मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून भारतातच चालणाऱ्या बनावट साहाय्य केंद्रांचाही त्यांत समावेश होता. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात या प्रकारच्या फसवणुकीत ९२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावल्याची नोंद झाली. म्हणजे भारत या गुन्ह्याचा बळीही आहे आणि त्याचे एक उगमस्थानही.

हा पुरावा कसा रचला जातो, ते पाहण्यासारखे आहे. ‘आपल्या संगणकात विषाणू शिरला आहे’ असे सांगून पलीकडचा माणूस विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावतो. तिथे लाल आणि पिवळ्या चिन्हांची लांबलचक यादी दिसते. वस्तुतः ही संगणकाची रोजनिशी असते. एखादी सेवा उशिरा सुरू झाली, छपाईयंत्र सापडले नाही, जोडणी क्षणभर तुटली, असल्या बारीकसारीक नोंदी तिच्यात साठत जातात. पूर्ण निरोगी संगणकातही त्या शेकड्यांनी असतात.

एवढ्याने काम भागले नाही, तर काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करायला सांगितले जाते. उत्तरादाखल येणाऱ्या यादीच्या शेवटाकडे ८८८डीसीए६० ने सुरू होणारा एक लांब क्रमांक दिसतो. भामटा तोच क्रमांक आधी फोनवर वाचून दाखवतो आणि म्हणतो, ‘हा तुमच्या संगणकाचा परवाना क्रमांक, आमच्याकडे याचीच तक्रार आली आहे.’ क्रमांक तंतोतंत जुळतो आणि ऐकणाऱ्याचा उरलासुरला संशय गळून पडतो. प्रत्यक्षात तो फाइली झिप करून पाठवण्याच्या सोयीशी जोडलेला संकेतांक आहे आणि जगातल्या सर्व विंडोज संगणकांवर तो एकच असतो. तिसरी युक्ती ‘नेटस्टॅट’ या आज्ञेची. तिच्या उत्तरात ‘फॉरेन ॲड्रेस’ असा रकाना येतो. त्याचा अर्थ ‘जोडणीच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता’ एवढाच. परंतु ‘पाहा, परदेशी हॅकर आत शिरले आहेत’ असे सांगायला तो शब्द आयताच हाती लागतो.

या तिन्ही युक्त्यांत एक समान सूत्र आहे. दाखवलेली प्रत्येक गोष्ट खरी आहे. खोटा आहे तो तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. जो तापमापक भिंतीला लावला तरी १०२ दाखवतो, त्याच्यावरून रुग्णाला ताप असल्याचे सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत म्हणूनच तुलनेसाठी एक नमुना नेहमी बाजूला ठेवलेला असतो. बिघाड असताना आणि नसताना जे निरीक्षण सारखेच येते, त्या निरीक्षणातून बिघाडाविषयी काहीही कळत नाही. ‘हेच दृश्य शेजारच्या चांगल्या संगणकावरही दिसेल का?’ हा एक प्रश्न विचारला असता, तर यांतला प्रत्येक पुरावा तिथेच कोसळला असता.

आपल्या जनजागृतीची उणीव नेमकी इथे आहे. ओटीपी देऊ नका, अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका, अशा निषेधांची यादी लोकांना पाठ झाली आहे. तो इशारा योग्यच आहे; परंतु हा भामटा सुरुवातीला ओटीपी मागतच नाही. तो काहीच मागत नाही, तो दाखवतो. निषेधांची यादी कालच्या युक्तीवर बेतलेली असते आणि युक्ती दर महिन्याला बदलते. पुराव्याची पारख मात्र जुनी होत नाही. संविधानाच्या ५१-क अनुच्छेदाने वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. तो दृष्टिकोन चांद्रयानाच्या अभिमानापुरता उरला आणि घरातल्या फोनपर्यंत पोहोचला नाही, तर त्याचा उपयोग काय?

यावर एक आक्षेप रास्त आहे. कानात धमकी, पडद्यावर भोंगा आणि खात्यातील आयुष्यभराच्या पुंजीची चिंता अशा अवस्थेत कोण तुलना करीत बसेल? कोणीच नाही; आणि भामट्याची सारी भिस्त त्यावरच असते. म्हणून पहिली कृती विचाराची नसून फोन ठेवण्याची असली पाहिजे. कोणतीही संगणक कंपनी बिघाड कळवण्यासाठी आपणहून फोन करीत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटिसंदेशात फोन क्रमांक कधीही नसतो. तो दिसला की संदेश बनावट समजावा. पडदा अडकला असेल तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा, नाहीतर सरळ संगणकच बंद करावा आणि पुन्हा सुरू केल्यावर जुनी पाने उघडू नयेत. मदत हवीच असेल, तर क्रमांक शोधयंत्रावर न शोधता कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा खरेदीच्या कागदावरून घ्यावा. शोधनिकालांत बनावट ग्राहकसेवा क्रमांक पेरलेले असतात आणि तिथे तर बळी स्वतःच भामट्याला फोन लावतो.

एनीडेस्कसारखी दूरनियंत्रणाची ॲप स्वतः गुन्हेगार नाहीत. कार्यालयांत ती रोज वापरली जातात. परंतु अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ती उतरवून घेणे म्हणजे घराची किल्ली रस्त्यावरच्या हाती देणे होय. रिझर्व्ह बँकेने या ॲपबाबत बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केले होते.

किल्ली दिली गेलीच असेल, तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. आधी इंटरनेट तोडावे. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतानाच तो अडवण्यासाठी ती यंत्रणा उभारलेली आहे. संकेतशब्द दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत, संदेश आणि क्रमांक पुसून टाकू नयेत. ‘बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असा फोन पुढे आला, तर ती त्याच फसवणुकीची दुसरी फेरी समजावी.

या साऱ्यात सर्वांत मोठा अडथळा लाजेचा असतो. ‘एवढा शिकलेला असून फसलास?’ या एका वाक्याच्या भीतीने माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि तेवढ्यात पैसा हातचा जातो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने झालेले नुकसानही बँकेला कळवेपर्यंतच त्याच्या माथी असते. कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर येते. म्हणजे गप्प बसण्याची किंमत थेट रुपयांत मोजावी लागते. फसलेल्या माणसाला हसणारा समाज नकळत भामट्याला वेळ मिळवून देत असतो.

दूरसंचार कंपन्या, शोधयंत्रे आणि बँका यांची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. बनावट क्रमांक झळकू देणारे आणि भाड्याच्या खात्यांतून पैसा वाहू देणारे मोकळे राहणार असतील, तर सगळा भार एकट्या नागरिकाच्या सावधपणावर टाकणे अन्यायाचे आहे. पण ती लढाई लांब पल्ल्याची आहे. तोपर्यंत प्रत्येक घराला एवढे ठरवता येईल: पैशाचा किंवा संगणकाचा प्रश्न निघाला की आधी फोन ठेवायचा, घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलायचे आणि फसलेल्याला पहिला तासभर तरी एक शब्दही बोलायचा नाही, फक्त १९३० लावून द्यायचा.