सलाईन म्हणजे जेवण नव्हे

"डॉक्टर, सलाईन चालू आहे ना, मग पोटाची काळजी नाही." आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाईकांकडून मी हे इतक्यांदा ऐकले आहे की आता हिशोबच सांगून टाकतो. साध्या सलाईनमध्ये मीठ आणि पाणी असते, कॅलरी शून्य. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटरच्या बाटलीतून मिळतात जेमतेम 170 ते 200 कॅलरी, म्हणजे दोनेक पोळ्यांइतक्या. प्रथिने त्यातही नाहीत.

आणि गरज असते ती प्रथिनांची. गंभीर जंतुसंसर्ग किंवा मोठ्या ऑपरेशननंतर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागते. पहिल्या दहा दिवसांत मांडीचा स्नायू सहाव्या हिश्श्याने घटू शकतो. श्वासाचे स्नायूही दुबळे होतात, मग व्हेंटिलेटर लवकर सुटत नाही. आहाराने ही झीज पूर्ण थांबत नाही, हे खरे. पण उपासमारीची भर कशाला?

साठ किलोच्या रुग्णाला रोज साधारण 70 ग्रॅम किंवा जास्त प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. तुम्ही थर्मासमधून प्रेमाने आणता ते डाळीचे वरचे पाणी. त्यात जवळपास काहीच नाही.

म्हणून तोंडाने खाता येत नसेल, तर नाकातून नळी घालतात. "नळी घातली म्हणजे आता संपलं," असे समजून अनेक जण नकार देतात. उलट, रक्तदाब सावरला आणि आतडे चालत असेल तर पहिल्या 24 ते 48 तासांतच नळीतून आहार सुरू झालेला बरा.

मात्र घाई नको. महिनाभर चहा-बिस्किटावर राहिलेल्या आजी किंवा दारूमुळे जेवण सुटलेला माणूस, यांना एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम घसरते आणि हृदय बिघडू शकते. जीवनसत्त्व बी-1 आधी द्यावे लागते. त्यामुळे रुग्ण आधी किती दिवस नीट जेवला नव्हता, वजन किती उतरले, दारू किती, हे लाजू नका, दाखल करतानाच सांगा.

आमचीही चूक आहे. तपासणीसाठी 'उपाशी ठेवा' असे लिहितो, तपासणी पुढे ढकलली जाते आणि नळी मात्र बंदच राहते. राउंडच्या वेळी बिनधास्त विचारा: "काल यांच्या पोटात नक्की किती गेलं?" चिडलो तरी विचारा.