जुनी मोटार आणि दिल्लीचा उन्हाळा

आरंभीच्या मोटारींची एंजिने उष्ण प्रदेशास मुळातच निरुपयोगी होती, असा एक समज रूढ आहे. यास्तव, दिल्लीत जतन केलेल्या जुन्या वाहनांना विजेचे पंखे व पाण्याचे पंप बसवावेत, अशी सूचना काही हौशी मंडळी करतात. आमच्या मते उपायापूर्वी कारणाचा शोध घेणे अधिक शास्त्रीय ठरेल.

रेडिएटरमधून बाहेर पडणारी उष्णता पाणी व हवा यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. हवा १५ अंश सेल्सिअस असता उत्कलनबिंदूपर्यंत ८५ अंशांचे अंतर राहते. दिल्लीच्या उन्हाळ्यात हवा ४५ अंशांवर गेली की ते ५५ अंशच उरते. त्याच रेडिएटरची शक्ती अशा रीतीने सुमारे एक तृतीयांशाने घटते. हा तोटा निसर्गाचा होय. परंतु त्यात माणूस जी भर घालतो ती टाळता येते.

१९०८ ते १९२७ या काळातील फोर्डच्या ‘टी’ मोटारींत, अगदी पहिल्या काही सोडल्यास, पाण्याचा पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने रेडिएटरमध्ये जाई आणि निवून खालच्या नळीने परत येई. पाण्याची पातळी वरच्या नळीखाली गेली की हे अभिसरण थांबते. जड पाण्यातील क्षारांचे किटण आतील मार्गांत साचले तरी तोच परिणाम होतो. ठिणगी उशिरा पडत असल्यासही एंजिन अकारण तापते.

आजच्या वाहनांच्या गर्दीत मोटार दीर्घकाळ जागीच उभी राहते व वारा मिळत नाही, हा प्रतिपक्षाचा मुद्दा खरा आहे. म्हणून सहज काढून घेता येईल असा पंखा आम्ही क्षम्य मानू. मात्र मूळ ओतकामास छिद्रे पाडणे अक्षम्य होय. चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ साली बांधलेला जॉन मॉरिस आगीचा बंब आहे. अशा यंत्राची रचना हाच त्या काळाच्या ज्ञानाचा पुरावा असतो. ती एकदा बदलली की तो पुरावा पुन्हा मिळत नाही.

तेव्हा प्रथम किटण काढावे, मृदू पाणी भरावे, पातळी राखावी, ठिणगीची वेळ तपासावी. उकळलेल्या एंजिनात एकदम थार पाणी ओतू नये. ओतीव लोखंड तडकते. एवढे करूनही भागले नाही, तर ज्येष्ठातील दुपारी ते वाहन सावलीत ठेवावे. यंत्राची मर्यादा जाणणे हेही विज्ञानच आहे.